'उल्लास'ची परीक्षा पास झालेल्या मावशींना आता पुढे काय शिकवायचं?

शेवंती

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं मी आमच्या सोसायटीमागच्या वस्तीत 'उल्लास'ची स्वयंसेवक म्हणून सात बायकांना शिकवते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच उल्लास, २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा आहे. पंधरा वर्षांपुढच्या कुणाही असाक्षर माणसाला त्यात शिकता येतं. शेवटी दीडशे गुणांची चाचणी असते. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि पास व्हायला ३३ टक्के.

आमच्या सातपैकी सहा जणी पास झाल्या. प्रमाणपत्रं आली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. चार घरी पोळ्या करणाऱ्या एका मावशींनी ते लॅमिनेट करून देवाच्या फळीशेजारी लावलंय. आठवड्याने त्याच मावशी विजेचं बिल घेऊन आल्या. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत त्यांनी मोठ्याने वाचलं, "स्थि-र आ-का-र." बिनचूक. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, आकार कसला? मीटरचा?"

मी दोन मिनिटं गप्पच बसले. कारण त्यांचं वाचन बरोबर होतं, आणि तरी बिल त्यांना 'वाचता' आलं नव्हतं.

सरकारी कागदावर या कार्यक्रमाचे पाच भाग आहेत: पायाभूत साक्षरता, जीवनकौशल्यं (पैशाचे आणि मोबाइलचे व्यवहार यातच येतात), व्यवसाय कौशल्यं, शाळेच्या इयत्तांच्या तोडीचं मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. आमच्याकडे पोचला तो फक्त पहिला. पास झालं की नाव यादीतून कमी. माझं स्पष्ट मत आहे की परीक्षेनंतरची निदान दोन वर्षं सरकारने जागा, पैसा आणि एक पगारी माणूस द्यायला हवा, नाहीतर हे सगळं पुसलं जाईल. तुमचे अनुभव सांगा. आणि या सहा जणींना मी उद्यापासून काय शिकवू, तेही सांगा.

---

निळा_पतंग

फार चांगला धागा, शेवंतीताई. मावशींचा प्रश्न बिनतोड आहे. वाचतेय.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. २०२३ मध्ये असाक्षरांच्या सर्वेक्षणावर राज्यातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता, तो मीही पाळला. प्रौढ शिक्षणाला विरोध नव्हता. दोन शिक्षकांची शाळा, त्यात एक जण घरोघर फिरून याद्या करणार, रात्री मोबाइलवर माहिती भरणार, मग चौथीच्या पोरांना शिकवायचं कुणी? या कामाला वेगळं माणूस द्या एवढंच आमचं म्हणणं होतं. तुमच्या 'पगारी माणसा'ला म्हणूनच माझं जोरदार अनुमोदन.

पण १७ मार्च २०२४ ची ती परीक्षा मी विसरणार नाही. रविवार होता. दुसरीच्या बाकात आज्यांचे गुडघे मावेनात, म्हणून सतरंजी टाकली. एका आजींना त्यांच्याच नातीने शिकवलं होतं, आमच्या सहावीतली मुलगी. ती खिडकीबाहेर उभी राहून ओठ हलवून उत्तरं सांगत होती. मी तिला पाण्याची कळशी भरून आणायला पाठवलं. ती गेल्यावर आजी हळूच म्हणाल्या, "बरं केलंत गुरुजी, लई घाई करती ती." आणि पुढचा अख्खा पेपर स्वतः सोडवला.

---

तटस्थ

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. साठीच्या आजींना अक्षरओळख करून देण्यात भावना आहे, पण धोरण म्हणून त्याचा फायदा किती? तोच पैसा पहिली-दुसरीवर खर्च केला तर पुढच्या पिढीत असाक्षर उरणारच नाहीत. शिवाय आता मोबाइलला बोलून विचारता येतं, दुकानातला डबा पैसे आल्याचं ओरडून सांगतो. वाचायची गरज दिवसेंदिवस कमी होत चालली आहे.

---

प्रेरिका

तटस्थ दादा, राग नाही, पण तुमचं म्हणणं पटलं नाही. मी मराठवाड्यातली. उल्लासच्या आधी साक्षर भारत योजना होती, तेव्हा मी गावात प्रेरक होते, म्हणजे साक्षरता केंद्र चालवायचे, महिना दोन हजार मानधनावर. २०१८ च्या मार्चमध्ये योजना संपली. त्यानंतर बचत गटांचं काम धरलं, ते आजही करते. नाव तेच ठेवलंय.

मोबाइल बोलतो हे खरं. पण कर्जाचा कागद बोलत नाही.

आमच्या एका गटातल्या बाईने साक्षरता वर्गात सही शिकली. आधी ती अंगठा द्यायची. अंगठा असला की साक्षीदार लागतो, कुणीतरी कागद वाचून दाखवतो, समजलं का विचारतो. सही यायला लागली आणि हे सगळं बंद झालं. एका वसुली एजंटाने तिच्यापुढे चार पानं ठेवली, "इथं, इथं आणि इथं." तिने अभिमानाने तीन ठिकाणी सही केली. जावेच्या कर्जाला ती जामीनदार झाली, हे तिला पाच महिन्यांनी हप्ता मागायला आले तेव्हा कळलं. मला धरून खूप रडली. म्हणाली, "अंगठा होता तेच बरं होतं बाई."

सही येते आणि वाचता येत नाही, ही सगळ्यात धोक्याची जागा आहे. तिथे आणून माणसाला सोडून देणं हा अन्याय आहे. म्हणून शेवंतीताईंना माझं सांगणं, पुढचा पहिला धडा कर्जाच्या कागदाचा घ्या. मुद्दल, व्याज, हप्ता, जामीनदार, थकबाकी. हे पाच शब्द कुठेही दिसले तरी ओळखता आले पाहिजेत, आणि "मी घरी नेऊन वाचते, उद्या सही करते" हे वाक्य तोंडपाठ पाहिजे. आम्ही गटात ते सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतो.

---

निळा_पतंग

"मी घरी नेऊन वाचते, उद्या सही करते." हे तर पदवीधरांनीही पाठ करावं असं वाक्य आहे.

---

सातारी_कंदी

विस्मरणाचा मुद्दा निघालाय म्हणून लिहितो. आमच्या साताऱ्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. अख्खं गाव साक्षर झालं की 'ग्रामगौरव' समारंभ व्हायचा. आजी त्याची गोष्ट सांगायची: रात्री देवळात कंदिलाच्या उजेडात पाट्या घेऊन बसायचं, सासवा-सुना एका ओळीत, आणि ग्रामगौरवाच्या दिवशी नवी लुगडी नेसून मिरवणूक.

पण मला कळायला लागलं तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आजीला स्वतःच्या नावापलीकडे काही वाचता येत नव्हतं. मी विचारलं तर म्हणायची, "यायचं रे तवा समदं. पुढं वाचाया काय हुतं घरात?" घरात छापील असं पंचांग तेवढं होतं.

ती पाटी मात्र तिने टाकली नाही. चौकट निघालेली, एक कोपरा उडालेला. त्यावर ती पापड लाटायची.

नंतरही हेच होत आलं. १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान, २००९ मध्ये साक्षर भारत, आता उल्लास. प्रत्येक वेळी नवं नाव, नवी प्रवेशिका (म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक) आणि पहिल्यापासून सुरुवात. मधल्या काळात शिकलेल्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. शेवंतीताईंची मागणी शंभर टक्के बरोबर आहे.

---

चष्मेवाला

माझं चष्म्याचं दुकान आहे. एक अगदी साधा प्रश्न: सातवी बाई नापास का झाली?

---

शेवंती

@चष्मेवाला, त्या मधूनच यायच्या बंद झाल्या. डोकं दुखतं म्हणायच्या. आधी हुशार वाटत होत्या, मग पुस्तक काढलं की कंटाळायच्या.

---

चष्मेवाला

वय पंचेचाळीसच्या पुढे असणार. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, ते सगळ्यांचंच होतं. ज्याला वाचायचंच नसतं त्याच्या ते लक्षात येत नाही. सुईत दोरा ओवायला पोराला सांगितलं की भागतं. पन्नाशीत पहिल्यांदा पुस्तक हातात येतं तेव्हा बाईला वाटतं आपल्याला जमत नाही, आपलं डोकं चालत नाही. खरं तर अक्षर दिसतच नसतं.

ओळखायची खूण सांगतो. पुस्तक हात लांब करून धरतात, किंवा उठून दाराशी उजेडात जातात. तसं दिसलं की समजा, आकड्याचा चष्मा हवा. तयार चष्मा शे-दीडशे रुपयांत येतो. (डोळ्याला इतर काही त्रास असेल तर डॉक्टरकडेच न्या, तयार चष्म्यावर भागवू नका.) साक्षरता वर्गाच्या पहिल्याच दिवशी डोळे तपासायचे, एवढा एक नियम सरकारने केला तर निम्मी गळती थांबेल असं माझं अनुभवाचं मत आहे.

---

खडूफळा

अहो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही! आमच्या वर्गात तीन आज्या कायम दाराशी बसायच्या. मला वाटायचं त्यांना वारा हवा असतो.

---

वजाबाकी

उशिरा आले. मी एका संस्थेतर्फे भाजीवाल्या आणि मासेवाल्या बायकांना हिशेब शिकवते, त्यामुळे संख्यांबद्दल लिहिते.

या बायकांचा तोंडी हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो. पावशेर, अडीचशे, सव्वा किलो, सगळं क्षणात. अडतं ते लिहिण्यात. एकशे पाच लिहायला सांगा, १००५ लिहितात. त्यांचं तर्काने बरोबरच आहे: शंभर लिहिले, पुढे पाच लिहिले. आणि बेचाळीस लिहिताना हमखास २४. कारण कानाला आधी 'बे' ऐकू येतो आणि मग 'चाळीस'. एकोणसाठ तर विचारूच नका, ऐकू येतो साठ आणि लिहायचा पाच.

मी नोटा वापरते. शंभराची एक, दहाची एकही नाही, आणि पाच नाणी. तीन वाट्या मांडायच्या. मधली वाटी रिकामी राहिली की तिथे पूज्य. एका मावशींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे रिकामी वाटी पण मोजायची!" त्या दिवसानंतर त्यांचं १००५ कधी झालं नाही.

---

तटस्थ

अवांतर: म्हणजे २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'सोबत 'वीस दोन' आलं होतं, ते बरोबरच होतं म्हणायचं का? तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

---

सातारी_कंदी

झालं, आता धागा वीस दोनवर जाणार :) माझा तेव्हाही विरोध होता आणि आताही आहे. त्रेसष्ट, सत्त्याऐंशी ही भाषेची शान आहे.

---

वजाबाकी

शान आहेच, आणि ती कुणी काढून घेत नव्हतं. मंगला नारळीकर यांच्या समितीने नेहमीचे शब्द काढले नव्हते. जोडीला दुसरी पद्धत दिली होती, म्हणजे मुलाला बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळवता यावा. माझ्या वर्गात तर मी ती सर्रास वापरते. बेचाळीस म्हणायचं, मग 'चाळीस दोन' म्हणायचं, मग लिहायचं. महिनाभरात मधली पायरी आपोआप गळून पडते. भाजीवाली काही गिऱ्हाइकाला 'चाळीस दोन रुपये' सांगत नाही, काळजी नसावी.

---

सातारी_कंदी

असं समजावलंत तर मान्य. विरोध मागे.

---

निळा_पतंग

या धाग्यावर २०१९ चा वाद मिटला, याची नोंद घ्यावी.

---

लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये संध्याकाळच्या कॉलेजात मोठ्या माणसांना गणित शिकवते. तटस्थ यांच्या 'शाळा सुधारल्या की प्रश्न संपेल' याबद्दल सांगावंसं वाटतं. इथे शाळा सक्तीची होऊन शंभरहून अधिक वर्षं झाली. तरी १९९९ मध्ये मोझर समितीने अहवाल दिला की दर पाच प्रौढांमागे एकाचं वाचन किंवा हिशेब रोजच्या कामाला पुरत नाही. अकरा-अकरा वर्षं शाळेत बसलेली माणसं! त्यानंतर २००१ मध्ये 'स्किल्स फॉर लाइफ' धोरण आलं आणि मोठ्यांसाठी वाचन-गणिताचे वर्ग मोफत झाले.

त्यातली मला मोलाची वाटते ती एक गोष्ट. तिथे साक्षर आणि असाक्षर असे दोनच खण नाहीत, पायऱ्या आहेत. एन्ट्री १, २, ३, मग लेव्हल १ आणि २. आल्यावर आधी पाहतात तुम्ही कुठल्या पायरीवर आहात, आणि पास झालं की पुढची पायरी समोर असतेच. 'आता पुढे काय' हा प्रश्न शिकवणाऱ्याला एकटीने सोडवावा लागत नाही. आणि मला पगार मिळतो. मी चांगुलपणावर हे काम दहा वर्षं केलं नसतं, हे मोकळेपणाने सांगते.

माझ्या वर्गात एक लॉरीचालक होते, नातवाला गोष्ट वाचून दाखवता यावी म्हणून आले होते. शेवंतीताई, तुमच्या बायकांना विचारून बघा, त्यांना काय वाचायचंय. आपण ठरवतो त्याहून ते वेगळं निघतं.

---

पणजीकर

गोव्याहून लिहितो. ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. उल्लासमध्ये ९५ टक्क्यांना पूर्ण साक्षर धरतात. आम्हां सगळ्यांना आनंद झाला, आणि तो खरा होता. पंचायतींनी, स्वयंसेवकांनी, शाळांनी मेहनत घेतली होती.

माझी काळजी एवढीच की घोषणा झाल्यावर वर्ग थांबू नयेत. केरळकडे बघा. एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्येच पूर्ण साक्षर झाला, तरी तिथलं साक्षरता मिशन आजही चौथी, सातवी, दहावी, बारावीच्या तोडीच्या परीक्षा मोठ्या माणसांसाठी घेतं. २०१८ मध्ये ९६ वर्षांच्या कार्त्यायनी अम्मांनी साक्षरता परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण मिळवले, ते याच मिशनमधून. पूर्ण साक्षर झाल्यावर अडीच-तीन दशकांनीही वर्ग चालू होता म्हणून त्या परीक्षेला बसू शकल्या.

---

तटस्थ

प्रेरिकाताई आणि लेस्टरवासी, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं पहिलं मत मी बदलतो. 'की शाळा, की प्रौढ' अशी मांडणी चुकीची होती.

मला आकड्यांचा नाद आहे, म्हणून थोडं शोधलं. २०११ च्या जनगणनेत देशात पंधरा वर्षांवरचे असाक्षर २५.७६ कोटी. त्यात पुरुष ९.०८ कोटी आणि बायका १६.६८ कोटी. साक्षर भारतमध्ये प्रमाणपत्र मिळालं ७.६४ कोटींना. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने १८ कोटी उरले. आता उल्लासचं लक्ष्य पाच वर्षांत पाच कोटी, आणि तरतूद १,०३७.९० कोटी रुपये, त्यात केंद्राचे ७०० आणि बाकीचे राज्यांचे. भागाकार करा: माणशी साधारण २०८ रुपये. पाचही भाग धरून, पाच वर्षांचे मिळून.

चष्मेवाले यांचा शंभराचा चष्मा आणला तर निम्मे संपले. म्हणून सगळा भार स्वयंसेवकांवर येतो. शेवंतीताईंचा पगारी माणूस या रकमेत बसूच शकत नाही. मागणी करायची तर तरतुदीचीच करावी लागेल.

---

प्रेरिका

तटस्थ दादा, मनापासून आभार. हा २०८ चा आकडा मी आमच्या ग्रामसभेत सांगणार आहे.

---

खडूफळा

अजून एक अडचण. पास झालेल्या एका ताईंना शिवणकाम शिकायचं होतं. त्यांना जन शिक्षण संस्थानाचं नाव सुचवलं (पूर्वीचं श्रमिक विद्यापीठ, देशातलं पहिलं १९६७ मध्ये मुंबईतच निघालं). तिथे वयाची अट १५ ते ४५, आणि ताई ५१ वर्षांच्या. २०१८ पासून ही संस्थानं कौशल्य मंत्रालयाकडे आहेत, साक्षरता शिक्षण मंत्रालयाकडे. इकडे वाचायला शिकवणार, तिकडे हाताला काम देणार, आणि मधला पूल कुणाकडेच नाही.

जागेचं म्हणाल तर नवी कशाला शोधता? राज्यात दहा हजारांहून जास्त शासनमान्य ग्रंथालयं आहेत. आमच्या गावचं 'ड' वर्गातलं आहे, एक खोली आणि संध्याकाळी दोन तास उघडं. तिथे मोठ्या टाइपातल्या पुस्तकांचं एक कपाट आणि आठवड्याला दोन संध्याकाळी एक माणूस, एवढं जरी अनुदानाला जोडलं तरी सातारी_कंदी यांच्या आजींसारखं पुन्हा होणार नाही.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. एक महिन्याने परत आले, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

लेस्टरवासी यांनी सांगितलं तसं विचारलं, काय वाचायचंय. मला वाटलं बिल, बँक, औषधं. चौघींनी सांगितलं, व्हॉट्सॲपवर गावच्या भावकीचा ग्रुप आहे, त्यात काय लिहितात ते वाचायचंय. कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, हे मुलगा सांगेल तेव्हा कळतं आणि तो अर्धंच सांगतो. पोळ्यावाल्या मावशी म्हणाल्या, "मला उत्तर पण लिहायचंय."

म्हणून सोमवारी ग्रुपवरचे निरोप आणि गुरुवारी कागद, असं ठरवलंय. पहिल्या गुरुवारी प्रेरिकाताईंचे पाच शब्द घेतले. 'जामीनदार' लिहायला दोन तास लागले, पण आता सहाही जणींना येतो. वजाबाकीताईंच्या तीन वाट्या पण मांडल्या. स्थिर आकाराचाही उलगडा झाला: वीज जळो न जळो, मीटर आहे म्हणून दर महिन्याला द्यायचे पैसे. मावशी म्हणाल्या, "मग भाडं म्हणा की सरळ."

जागेसाठी जवळच्या वाचनालयाला विनंती केली आहे. तूर्त संध्याकाळी सात ते आठ बाहेरचा व्हरांडा मिळाला. पगारी माणसाचं निवेदन लिहितेय, त्यात तटस्थ यांचा भागाकार आणि खडूफळा सरांचं कपाट दोन्ही घातलंय. मसुदा इथे टाकीन, सगळ्यांनी तपासून द्या.

आणि सातव्या मावशी परत आल्या. पुतणीचा जुना चष्मा लावून बसल्या होत्या, एका काडीला दोरा बांधलेला. प्रवेशिकेचं पहिलं पान उघडलं, थोडा वेळ नुसत्याच बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हे एवढं मोठं लिहिलेलं होय!"

@चष्मेवाला, वस्तीत अजून अकरा जणींची नावं आली आहेत. तुम्ही सांगितलेल्या खुणेने बघितलं, आठ जणी पुस्तक हात लांब करून धरतात. तपासायला येता येईल का?

---

चष्मेवाला

येतो. मी पिंपरीत असतो, गुरुवारी दुकान बंद असतं. तक्ता घेऊन येतो, पण तो अक्षरांचा नाही, चित्रांचा आणणार आहे. तयार चष्मे दीड नंबरचे सहा आणि दोन नंबरचे सहा घेऊन येतो, पैशाचं नंतर बघू. व्हरांड्यात दिव्याची सोय आहे ना? नसेल तर दिवाही आणतो.

---

शेवंती

दिवा आहे, पण मंद आहे. आणाच.